निवृत्त लष्करी वैमानिकांची मुलाखत: प्रश्न कसे काढावेत?

वाचनालय_आर्वी

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातर्फे तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणं सुरू आहे. पायदळ, तोफखाना, सिग्नल्स झालं. आता दोन वैमानिकांनी होकार दिलाय. एक काकाजी ऐंशी पार केलेले. आधी नॅट, मग मिग-२१ (दोन्ही लढाऊ जेट), आणि १९७१ च्या युद्धात पूर्वेकडे होते. दुसरे साठीचे, हेलिकॉप्टरवाले, बहुतेक चीता. प्रश्न अकरावीची मुलं-मुली विचारतील. प्रत्येकी एक तास ठरला आहे आणि ४० प्रश्नांची यादी तयार आहे. नमुना देतो:

"पायलट व्हावं असं का वाटलं?" "पहिल्यांदा विमान उडवताना कसं वाटलं?" "युद्धात भीती वाटली का?" "एखादा थरारक प्रसंग सांगा." "मिग-२१ आणि आजची विमानं यात फरक काय आणि तुम्हाला कोणतं आवडतं?" "आजच्या तरुणांना काय संदेश द्याल?"

यादी वाचून मलाच ती शाळेच्या गॅदरिंगसारखी वाटते, पण नेमकं काय बदलावं ते कळत नाही.

नटबोल्ट (निवृत्त, तांत्रिक शाखा)

यादी बाजूला ठेवा. आधी माणूस नक्की काय होता ते पक्कं करा. आपल्याकडे जो एअरफोर्समधून आला तो गावात "पायलट". प्रत्यक्षात तो इंजिन फिटर, रडार ऑपरेटर, नेव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर असू शकतो. हुद्द्यावरून अर्धं कळतं. सार्जंट, वॉरंट ऑफिसर हे वैमानिक नसतात. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर ही अधिकाऱ्यांची उतरंड, पण त्यातही सगळे उडवणारे नसतात. जुना गणवेशातला फोटो पाहा. छातीवर दोन पंखांचा बिल्ला असेल तर वैमानिक, एकाच पंखाचा असेल तर विमानातला दुसरा कर्मचारी. तंत्रज्ञाची मुलाखत कमी मोलाची असते असं नाही, उलट विमान का बिघडायचं हे तोच सांगेल. फक्त त्याला "डॉगफाइट कशी केली" विचारलंत तर दोघांचीही पंचाईत.

तुमचे साठीचे साहेब चीतावाले असतील तर ते वायुसेनेचेच हे गृहीत धरू नका. भूसेनेची स्वतःची आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ ला उभी राहिली आणि तीही चीता-चेतक उडवते. त्यांचा हुद्दा कॅप्टन, मेजर, कर्नल असा असेल. मेजरसाहेबांना "तुमची स्क्वाड्रन वायुसेनेच्या कुठल्या कमांडमध्ये होती" असं विचारलं की पुढचा तासभर तुम्ही त्यांच्यासाठी अडाणीच.

आता विमान. ज्याला ज्या यंत्राचं माहीत असेल, त्यालाच त्या यंत्राबद्दल नीट विचारता येतं. नॅटचंच घ्या. इवलंसं विमान, एक बसणारा, एक ऑर्फियस इंजिन, ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. त्याला वेगळे एअरब्रेक नव्हते, चाकं अर्धी खाली सोडून वेग मारायचा. मग प्रश्न आपोआप तयार होतो: "काकाजी, वेग कमी करायला चाकं अर्धी सोडायची म्हणतात. ती सोडली की नाक वर जायचं की खाली? हाताला काय जाणवायचं?" यावर माणूस खुर्चीत पुढे सरकतो. तोफा अडकण्याच्या तक्रारी होत्या, तेही विचारा. अडकली की कॉकपिटमधून काही करता यायचं, की परतच यावं लागायचं?

नॅटवरून मिग-२१ वर जाणं ही तर खाणच आहे. नॅटची घड्याळं नॉट आणि फुटांत, रशियन विमानाची ताशी किलोमीटर आणि मीटरमध्ये. २५० नॉट म्हणजे ४६३ किलोमीटर, १,००० मीटर म्हणजे ३,२८१ फूट. डोक्यात हे उलटसुलट किती दिवस चाललं? ब्रेकसुद्धा मिगमध्ये दांड्यावरच्या तरफेनं हातानं लावायचे, आणि कोणतं चाक जास्त धरायचं ते पायातल्या रडरनं (शेपटीच्या सुकाणूच्या पट्ट्यांनी) ठरायचं. उतरल्यावर शेपटीचं पॅराशूट. ते उघडलं नाही तर काय करायचं ठरलेलं होतं? असा प्रश्न कोणाला "थरारक प्रसंग सांगा" म्हणत नाही, पण थरारक प्रसंग निघतो तो याच्यातूनच.

एक हिशेब विदर्भातल्या पोरांनी घरीच करून न्यावा. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण १३ अंश धरतात. मे महिन्यात ४५ अंश झालं की ३२ अंशांचा फरक. अंशामागे ढोबळ १२० फूट, म्हणजे ३,८४० फूट. हवा इतकी पातळ होते की विमानाच्या लेखी ती धावपट्टी जवळपास ४,९०० फुटांवर जाते. इंजिनाचा जोर कमी, पंखांची उचल कमी, धाव लांब. हे कागदावर मांडून विचारा, "साहेब, अशा दुपारी तुम्ही इंधन कमी घ्यायचे की शस्त्रं कमी?"

प्राध्यापक_मौखिक_इतिहास

वरचं सगळं मान्य. मी फक्त प्रश्नाच्या बांधणीबद्दल लिहिते.

एका तासात ४० प्रश्न म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. ऐंशीच्या माणसाला तेवढ्यात चष्माही सापडत नाही. तासाला ८ ते १० मुख्य प्रश्न, प्रत्येकाखाली दोन-तीन पोटप्रश्न, आणि हे सगळे विचारले जाणार नाहीत अशीच तयारी ठेवा. शक्य असेल तर एका तासाच्या जागी तीन बैठका घ्या: पहिली प्रशिक्षण संपेपर्यंत, दुसरी स्क्वाड्रनमधली वर्षं, तिसरी त्यानंतरचं. या सगळ्याच्या आधी अर्ध्या तासाची एक भेट, जिच्यात काहीच मुद्रित करायचं नाही. त्या भेटीत फक्त तारखा, जागा, विमानांची नावं घ्यायची आणि लॉगबुक आहे का ते विचारायचं.

लॉगबुक म्हणजे वैमानिकाची उड्डाणवही. प्रत्येक उड्डाणाला एक ओळ: तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कोण चालवत होतं, काम काय होतं, दिवसाचे तास, रात्रीचे तास. महिन्याअखेरीस बेरीज आणि वरिष्ठाची सही. ती घरी मागून आणू नका. त्यांच्यासमोर टेबलावर ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून पानांचे फोटो घ्या. मग घरी बसून वाचा. ३५-४० मिनिटांच्या उड्डाणांच्या रांगेत मध्येच एक १० मिनिटांचं दिसलं की थांबा. इतक्या लवकर परत का? बिघाड, हवामान, रेडिओवरून परत बोलावणं, यातलं काहीतरी असणार. तिथे प्रश्न असा: "१९ तारखेला तुम्ही दहाच मिनिटांत उतरलात. त्या दिवशी काय झालं होतं?" एखाद्या महिन्यात एकही ओळ नाही, तर तो आजारी होता का, कोर्सला होता का, विमानं जमिनीवर उभी होती का? काही नोंदी वेगळ्या शाईत असतात. त्या का, हे आपण ठरवू नये, त्यांनाच सांगू द्यावं.

"भीती वाटली का?" या प्रश्नाला "नाही" हे ठरलेलं उत्तर आहे, निदान पहिल्या बैठकीत. त्याऐवजी शरीराचं विचारा. घसा कोरडा पडायचा का, उड्डाणाआधी काय खायचे, काय टाळायचे, परत आल्यावर हेल्मेट काढताना हात कसा होता. सहा जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट भार) लागल्या की ७० किलोचा माणूस ४२० किलोचा होतो. तेव्हा मान वळवून मागे कसं बघायचे, ओरडून श्वास कसा धरायचे. भीतीचं उत्तर या वाटेनं आपसूक येतं, आणि आलं नाही तरी काही बिघडत नाही.

"मिग-२१ आणि आजच्या विमानांतला फरक काय आणि कोणतं आवडतं" यात दोन प्रश्न आहेत. माणूस शेवटच्याचंच उत्तर देतो, पहिला हवेत राहतो. शिवाय मिग-२१ आपल्या सेवेत १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निरोप देऊन निवृत्त झालं. या साठ वर्षांत त्याचे प्रकार बदलत गेले. "मिग-२१" एवढंच म्हणू नका. टाइप ७७ का, टाइप ९६ का, बायसन का, ते विचारा. टाइप ७७ मध्ये सुरुवातीला अंगची तोफ नव्हती, ती पोटाखाली वेगळ्या खोळीत लावायचे. १९७१ च्या माणसाला हा फरक विचारलात की तुम्ही अभ्यास करून आलात हे कळतं आणि तोही हात राखून बोलत नाही.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. सात-आठ सेकंद. मुलांना हे सगळ्यात जड जातं. ती लगेच "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का..." म्हणून माणसाच्या तोंडात उत्तर घालतात. मनात दहा मोजायला लावा.

"संदेश" नकोच. तो मागितला की आवाज बदलतो, भाषणाचा होतो.

पऱ्हाटी

सगळे प्रश्नायचंच बोलून राह्यले, आवाजाचं कोनी बोलत नाही. भाऊ, कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग कराल त मंग पस्तावान. मानसाले ऐकू येते, मशीनले निस्ता घर्रर्र येते, आन् थो मागून निंगत नाही. उन्हाळ्यात कूलर बंद करून ऐंशीच्या मानसाले घामात बसवनं बरं नाही. म्हनून सकाळी सात ते साडेआठ, न्हाईतर सरळ दिवाळीनंतर. पावसाळ्यात टिनाचं छप्पर असन त थोबी टाइम कामाचा नाही. खोली घुमत असन त समोरच्या भितीले गोधडी लटकवा, एक खाली अंथरा. भितीवरच्या घड्याळाचा सेल काढा, काकूले सांगा कुकर नंतर लावा म्हनून, मोबाइल फ्लाइट मोडवर.

कॉलरचा माइक हनुवटीच्या खाली एक वीत. फोनचा वरून ठेवलेला माइक टेबल ठोकला की ढम्म करते, आन् हे पायलट लोक हातानं विमान दाखवत टेबल लय ठोकतेत. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो. तासाले साधारण ३४५ एमबी जाते. ३ जीबी मोकळी ठेवा. दुसऱ्या फोनवर बी चालू ठेवा, एक बंद पडला त दुसरा. लाइनचा भरोसा नाही, म्हनून रात्रीच चार्ज. सुरू झाल्याबरोबर तारीख, गाव, नाव बोला. उद्या फाइलचं नाव बदललं तरी आतून समजते.

नटबोल्ट (निवृत्त, तांत्रिक शाखा)

पऱ्हाटी भाऊंच्या बोलण्यात एक भर. जेटच्या आवाजात वर्षं काढलेल्यांना बहुधा वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं. स, श, फ, थ ही अक्षरं पहिली गळतात, आणि मुलींचे बारीक आवाज. ओरडून उपयोग नाही, त्यानं शब्द अजून फाटतात. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, हळू बोला, कोणता कान चांगला ते आधीच विचारून त्या बाजूला बसा. प्रश्न मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हातात द्या, १८ पॉइंटच्या खाली नको. आणि खाटेवर बसवू नका. ज्यांनी इजेक्ट केलंय (सीटसकट विमानाबाहेर फेकले गेलेत) त्यांच्या पाठीचे मणके दबलेले असू शकतात. ताठ पाठीची, हाताची खुर्ची, आणि ४० मिनिटांनी उठून चहा.

वाचनालय_आर्वी

सगळ्यांचे आभार. चौकशी केली, हेलिकॉप्टरवाले साहेब आर्मी एव्हिएशनचेच निघाले. बरं झालं आधी विचारलं. त्यांच्यासाठी हे काढलंय, पाहा जरा:

"सियाचेनवर चीता उडवताना किती वजन नेता यायचं आणि हेलिपॅडवर इंजिन बंद का करत नव्हते?"

आणि ढाक्याच्या तेजगाव विमानतळाबाबत काकाजींना: "तेजगावची धावपट्टी बंद पाडली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

गुप्ततेचं काय, तेही कोणी सांगा. मुलं उत्साहात काहीबाही विचारतील.

प्राध्यापक_मौखिक_इतिहास

पहिला चांगला आहे पण पुन्हा दोन एकात. तोडा. आणि "का करत नव्हते" म्हणताना उत्तर तुम्हीच गृहीत धरलंय. असं विचारा: "वरच्या हेलिपॅडवर उतरल्यावर इंजिनाचं काय करायचे?" ते सांगतील चालू ठेवायचे, मग "का?" एवढा एकच शब्द पुरे.

या प्रश्नामागचं यंत्र मुलांना समजावून द्या. चीता म्हणजे फ्रेंच लामा, एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बंगळूरला बांधलेलं. त्याच लामानं २१ जून १९७२ ला फ्रान्समध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला, वैमानिक होते झाँ बूले. जोर कमी केल्याबरोबर इंजिन विझलं, परत पेटेना, आणि ते पंख्याच्या फिरण्यावरच खाली उतरले. पातळ आणि थंड हवेत इंजिन पुन्हा पेटण्याची खात्री नसते, हे मुलांना या एका गोष्टीतून समजेल. मग वजनाचा प्रश्न: "एका फेरीत काय काय नेलं ते वस्तूंच्या नावानं सांगा, केरोसीनचा कॅन किती लिटरचा, किती कॅन, आणि ते नेण्यासाठी हेलिकॉप्टरमधून काय काढून ठेवलं?" किलो विचारलं तर आकडा मिळतो, वस्तू विचारल्या तर वर काय लागायचं ते कळतं. सियाचेनवरची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, १३ एप्रिल १९८४ ची. साहेब त्यानंतर कोणत्या वर्षी आणि कोणत्या ऋतूत तिथे होते ते आधी नक्की करा, कारण हिवाळ्यातलं उत्तर वेगळं आणि जुलैतलं वेगळं.

तेजगावचा प्रश्न मला पटला नाही. "तेव्हा तुम्ही कुठं होता" याला "तळावर" हे एका शब्दाचं उत्तर आहे. पूर्वेकडचं हवाई युद्ध ४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी सुरू झालं, आणि दोन-तीन दिवसांत ढाक्याच्या धावपट्टीवरून विमानं उडणं थांबलं. म्हणजे त्यानंतर लढाऊ वैमानिकाला समोर विमानच नव्हतं. "मग पुढच्या दहा दिवसांत तुम्हाला रोज काय काम मिळायचं?" हे विचारा. याचं उत्तर पुस्तकांत फार सापडत नाही.

आणि वेळ पडताळताना जपून. पूर्व पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे होतं, पश्चिमेचं अर्धा तास मागे. लॉगबुकातली वेळ आणि तिकडच्या पुस्तकातली वेळ जुळली नाही म्हणून काकाजींना "तुम्ही चुकताय" म्हणू नका. बहुतेक वेळा चूक त्या तीस मिनिटांची असते.

नटबोल्ट (निवृत्त, तांत्रिक शाखा)

गुप्ततेचं. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा आहे आणि निवृत्तीनंतरही लागू राहतो. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धांच्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करण्याचं धोरण जाहीर केलं. त्याचा अर्थ जुनं सगळं बोलायला मोकळं झालं असा नव्हे, कागद खुला करायचा की नाही ते तिथेच ठरतं. मुलांना साधी रेघ आखून द्या. आज सेवेत असलेल्या शस्त्राचा पल्ला, रडारच्या त्रुटी, कोणत्या तळावर किती विमानं, रेडिओच्या सांकेतिक पद्धती: हे विचारायचंच नाही. सियाचेनच्या बाबतीत तर अजून सैन्य तिथे आहे, म्हणून हेलिपॅडची नावं आणि जागा यांवर बोलणं गेलं तर साहेबांनाच विचारा ठेवू का. सुरुवातीला एक खूण ठरवा. त्यांनी तळहात वर केला की रेकॉर्डिंग थांबणार, कारण विचारायचं नाही. लिहिलेला मजकूर त्यांना वाचायला द्या आणि खोडायचा हक्क त्यांचा. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली की माणूस कमी खोडतो.

मेलेल्या सोबत्यांचं नाव आपण काढू नका. ते काढतील तेव्हा ऐका. अपघाताबद्दल विचारायचंच असेल तर यंत्रापासून सुरू करा: सीट कोणती, खेचायची कडी कुठे, डोक्यावर की मांड्यांमध्ये, किती उंचीच्या खाली खेचून उपयोग नव्हता. त्यांना पुढे जायचं असेल तर ते जातील. सोबत्याच्या अपघाताचं प्रसिद्ध करण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारणं तुमच्याकडे लागलं.

पऱ्हाटी

आन् काकूची अलग मुलाखत घ्या. साहेबासमोर नको, साहेब मधातच बोलतेत. कोन्या साली कोनतं गाव होतं थे काकूले जास्त याद राह्यते. पोट्टं कुठं झालं, कोन्या बदलीत काळी ट्रंक फुटली, त्याच्यावरून तारीख लागते. इचारा: "ट्रंकीवर नाव कोन रंगवत होतं, आन् जुनं नाव खोडून नवीन गाव लिवाचं का त्याच्यावरच?" ट्रंक घरी असन त तिचाबी फोटो काढा, चारी बाजूनं.

वाचनालय_आर्वी

ट्रंक आहे. काल पाहिली, तिच्यावर तीन पत्ते एकावर एक रंगवलेले दिसतात, खालचा "कलाईकुंडा" (पश्चिम बंगालमधला हवाई तळ) असावा. प्रश्न ९ वर आणले. शनिवारी पहिली भेट, रेकॉर्डिंगशिवाय. इंग्रजी-हिंदी मिसळून बोलले तर लिहिताना मराठी करायचं का?

प्राध्यापक_मौखिक_इतिहास

नाही. जसं बोलले तसं, देवनागरीत. "सॉर्टी", "स्क्रॅम्बल", "फायनल्स" हे त्यांचे शब्द आहेत, तसेच राहू द्या. मुलांना न समजलेला शब्द तिथल्या तिथे विचारायला सांगा: "काकाजी, हे शेजारच्या शेतकऱ्याला कसं सांगाल?" मग अर्थही त्यांच्याच तोंडचा मिळतो. आणि एका तासाचं उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात, ते अकरावीच्या परीक्षेच्या आठवड्यात धरू नका.